पाठमोरे गुरुजी

मागच्या महिन्यात आमच्या लाखनीच्या शाळेत मोठ्या बाईंनी माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. म्हणाल्या, "शनिवारी पोरांना दाखवायचा आहे. देवाचाच आहे, कार्टून आहे, तरी एकदा नजर टाका. रक्तबिक्त, कपडेबिपडे काही असेल तर सांगा. नसेल तर लावून टाकू."

मी हो म्हणाले. स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला, सिनेमा सुरू केला आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसले. शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हे काय? बघायचा आहे ना?" त्यांना काय सांगणार? माझ्या माहितीत एक माणूस असा होता, ज्याने वर्षानुवर्षं सिनेमे पडद्याकडे पाठ करूनच पाहिले, आणि आमच्या गावात कोणता सिनेमा पोरांना दाखवायचा नि कोणता नाही, हे तोच ठरवायचा. तो एकदा चुकला. त्या चुकीत मी होते.

त्यांचं आडनाव कापगते. गावात मात्र सगळे त्यांना पाठमोरे गुरुजी म्हणायचे. बाहेरगावच्या माणसाला हेच आडनाव वाटायचं, आणि गुरुजी ते दुरुस्त करत नसत.

आमचं गाव अड्याळहून आत, तलावाला लागून. तलावाच्या बांधाला आमच्याकडे पाळ म्हणतात. पाळीच्या वरच्या अंगाला धानाची शेती असलेल्यांची घरं, खालच्या अंगाला आमचा ढिवर मोहल्ला. तलावात मासे धरायचे, दिवाळीनंतर शिंगाडे काढायचे, बाजाराला नेऊन विकायचे. त्या मोहल्ल्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्याकडे कोणी विचारत नाही, म्हणूनच सांगावं लागतं.

गुरुजी उंच, वाळक्या अंगाचे. मान पुढे काढून चालायचे, जसं काही पुढच्या माणसाच्या खिशात डोकावताहेत. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. गळ्यात माळ, त्यामुळे मासळी नाही, कांदाही नाही. वर्गात त्यांनी आम्हाला कधी पाठ दाखवली नाही. फळ्यावर लिहायचं तरी तोंड आमच्याकडे, हात मागे. ओळी उजवीकडे घसरत जायच्या, शेतातल्या मोडक्या धुऱ्यासारख्या. एकदा तपासणीला आलेले साहेब फळा पाहून म्हणाले, "गुरुजी, ओळी फार वाकड्या जातात हो तुमच्या." गुरुजी म्हणाले, "जातात साहेब. तिकडे पायलं तं इकडचे वाकडे जातात."

पोरांकडे पाहणं, हाच त्यांचा खरा धंदा. कोण जेवून आलं नाही, कोणाच्या घरी काल भांडण झालं, कोणी शाईची दौत सांडून दुसऱ्याचं नाव सांगितलं, हे सगळं त्यांना हजेरी घेता घेता कळायचं. उपाशी पोराला ते सगळ्यांसमोर काही विचारत नसत. "जा गा, खिचडीवालीले विचारून ये, मीठ हाय का," असं म्हणून स्वयंपाकाच्या खोलीत पाठवायचे. खिचडीवाल्या काकूंना त्याचा अर्थ ठाऊक होता. मी कितीदा मीठ विचारून आले असेन.

प्रभातफेरीत ते पोरांच्या पुढे उलटे चालायचे, आमच्याकडे तोंड करून. एका स्वातंत्र्यदिनाला तसेच चालता चालता ग्रामपंचायतीजवळच्या नालीत गेले. सगळी फेरी थांबली. "भारत माता की" अर्धंच राहिलं. नालीतून आधी चष्मा वर आला, मग गुरुजी. पांढरा सदरा कमरेपर्यंत काळा. म्हणाले, "कोण हासलं ते मी खालून पायलं. शाळेत गेल्यावर बोलू. चला, जय." आणि पुन्हा उलटेच चालायला लागले.

असा माणूस सिनेमा पाहणार तो कसा पाहणार?

गणपतीत आमच्याकडे मंडळाची पोरं संध्याकाळच्या आरतीनंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून पिक्चर दाखवायची. भंडाऱ्याहून भाड्याने प्रोजेक्टर आणायची. एका वर्षी त्यांनी काहीतरी भुताचं लावलं आणि शिंप्याच्या पोराला ताप भरला. त्याची आई मंडपात येऊन गणपतीसमोरच मंडळाला जे बोलली, ते इथे लिहिता येत नाही. तेव्हापासून ठरलं, आधी गुरुजी पाहतील, मगच लागेल.

त्यांची पाहण्याची रीत अशी. दुपारी त्यांच्या घरी पुढच्या खोलीत मंडळाची पोरं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवत. समोर पलंगावर एक लेकरू बसवायचं, त्याच्या मांडीवर मुरमुऱ्याचं ताट. गुरुजी मधे स्टुलावर, लॅपटॉपकडे पाठ, लेकराकडे तोंड. पिक्चर सुरू झाला की ते फक्त त्याच्या हाताकडे पाहायचे. लेकरू पिक्चर पाहताना मुरमुरे खातच असतं, त्याला भानही नसतं. हात चालू तोवर पिक्चर चांगला.

"हात ताटात थांबला तं समजायचं, घाबरलं," ते मंडळाच्या पोरांना सांगायचे. "तोंडापाशी येऊन थांबला तं समजायचं, त्याले लाज वाटली. घाबरलेलं लेकरू मायजवळ झोपलं का ठीक होते. लाजलेलं नाही होत."

"अन् हात थांबलाच नाही तं?"

"तं मुरमुरे आणखी आणा."

मंडळाचा अध्यक्ष राजूभाऊ. त्याचं नि गुरुजींचं दरवर्षी भांडण. एकदा राजूभाऊने मोठ्या हौसेने देवाच्या जन्माचा कार्टून पिक्चर आणला. त्यात दुष्ट राजा तान्ही बाळं दगडावर आपटतो. समोर बसलेल्या पोरीचा हात ताटात रुतून बसला. गुरुजींनी मागे न पाहता हात वर केला. "बंद कर. नापास."

"गुरुजी, देवाचा पिच्चर हाय! देवाच्या पिच्चरले नापास कसं करता तुमी?"

"देवाचा हाय, पण पाहणारं लेकरू माणसाचं हाय."

"पोथीतच हाय ते. तुमी सोता वाचता."

"मी वाचतो गा. माही पन्नाशी गेली. ही सहा वर्षाची हाय. हिच्या घरी परवाच भाऊ झाला. आता रात्रभर ते पाळण्यापाशी बसन."

राजूभाऊ चरफडत लॅपटॉप घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "पिच्चर न पाहता पिच्चर नापास करणारा सेन्सॉर साऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच." गुरुजींना ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ते स्वतःच सांगत फिरायचे.

मी सहावीत होते त्या वर्षी राजूभाऊने पुन्हा देवाचाच कार्टून आणला. देवाचं नाव घेत नाही, देवाचा त्यात काही दोष नाही. रंगीत, गाणी असलेला, बाळदेवाच्या खोड्या असलेला. गुरुजींची नात नागपूरहून सुट्टीला आली होती, तिलाच पलंगावर बसवलं. तिने ताट संपवलं, दुसरं मागितलं, आणि पिक्चर संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावा म्हणाली. गुरुजी खूश. राजूभाऊला म्हणाले, "पास. पहिल्या नंबरात पास." राजूभाऊ पेढे वाटायचा बाकी होता.

संध्याकाळी सगळा गाव जमला. आमचा मोहल्ला नेहमी डाव्या अंगाला बोरिंगजवळ बसायचा, तिथेच बसलो. माझे बाबा, सुकराम, हात रिकामा ठेवणारे नव्हते. जाळं मांडीवर घेऊन फाटका कोपरा विणत पिक्चर पाहायचे. गुरुजी आपल्या जागी, चादरीच्या खाली, भिंतीला पाठ लावून, आमच्याकडे तोंड करून. पडद्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडायचा, तोच त्यांचा पिक्चर.

अर्ध्यात एक राक्षस आला. तळ्यातला राक्षस. काळाकुट्ट, बसक्या नाकाचा, गुडघ्यावर खोवलेली लुंगी, खांद्यावर जाळं, गळ्यात माशाच्या काट्यांची माळ. तो आला की सगळे गोप नाक दाबायचे. गाई नाक दाबायच्या. एक माकडसुद्धा शेपटीने नाक दाबायचं. तो जाळं टाकायचा, जाळ्यात स्वतःच गुंतायचा, आणि बाळदेव हसायचा.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तं सुकराम हाय गा!"

सगळा चौक हसला. खरं सांगायचं तर राक्षस दिसत होताच बाबांसारखा. काढणाऱ्याने आमच्या गावी येऊन बाबांना समोर उभं करून काढला असता, तरी याहून वेगळा निघाला नसता. पोरांनी आमच्या बाजूला वळून नाकं दाबली. आधी दोघांनी, मग ओळीच्या ओळीने.

आणि मग बाबा उठले. ते हसत होते. मांडीवरचं जाळं त्यांनी खांद्यावर टाकलं, लुंगी वर खोवली, दोन पावलं राक्षसासारखी धप धप टाकली आणि जाळं हवेत भिरकावल्यासारखं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. "पुन्हा एकदा, सुकराम!" बाबांनी पुन्हा एकदा केलं.

मी खाली मान घातली. मला हसणाऱ्यांची लाज वाटली नाही, बाबांची वाटली. त्यांच्या रंगाची, लुंगीची, जाळ्याच्या वासाची. मान वर केली तेव्हा साऱ्या चौकात एकच माणूस माझ्याकडे पाहत होता.

गुरुजी उभे राहिले. पोरं नाकं दाबून काय पाहताहेत ते त्यांना कळत नव्हतं. मग ते वळले आणि पडद्याकडे पाहू लागले. त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घामाने सदरा चिकटलेला, मणक्याचे मणी दिसत होते. त्या पाठीच्या वर तेवढाच मोठा राक्षस जाळ्यात गुंतून पडला होता.

"बंद करा," गुरुजी म्हणाले. कोणी ऐकलं नाही. "राजू, बंद कर ते!"

"काहून गुरुजी? तुमीच तं पास केला!"

आता लोक गुरुजींवरही हसले. "बसा गुरुजी, तुमचं डोस्कं मधात येऊन राहिलं." त्यांची सावली राक्षसाच्या पोटावर पडली होती. मग ते बसले. राक्षस मेला, फुलं पडली, आरती झाली. तोवर त्यांनी कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात शिरले की नाकं दाबली जायची. माझ्या बाकावरच्या स्नेहलने दप्तर उचललं आणि पुढे जाऊन बसली. तिचं दप्तर आणि माझं दप्तर एकाच बाजारातलं, एकाच रंगाचं होतं.

गुरुजींनी पहिल्यांदा जे केलं ते चुकीचं केलं. भर वर्गात मला उभं करून म्हणाले, "ही माझी पोरगी हाय. जो नाक दाबन, त्याले मी पाहून घेईन." झालं. दाबलेली नाकं बाकाखाली गेली आणि मला नाव पडलं, गुरुजींची मच्छी. गुरुजींच्या पाहण्यापासून लपवून काहीतरी करता येतं, हे पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी शाळेत जाणं बंद केलं. आधी पोट दुखतं म्हणाले, मग काहीच म्हणाले नाही. मायबरोबर अड्याळच्या बाजाराला झिंगे विकायला जाऊ लागले. मायला हाताखाली कोणीतरी हवंच होतं. ती बाबांना म्हणाली, "तशीबी सातवीच्या पुढं कोण शिकवणार होतं?" बाबा जाळं विणत राहिले.

त्याच आठवड्यात गुरुजी आमच्या घरी आले. आमच्या मोहल्ल्यात ते शाळेचे कागद द्यायला यायचे, पण दारातून. त्या दिवशी आत आले. दार बुटकं, वाकायचं विसरले, डोकं आपटलं. चष्मा वाकडा झाला. कोणी हसलं नाही. माय लगबगीने चटई झटकू लागली. आत आंबट वास होता, कालचे झिंगे वाळत टाकलेले. गुरुजी खाली बसले.

"सुकरामभाऊ," ते म्हणाले, "मी तुमची माफी मागाले आलो."

आजवर ते बाबांना "काय रे सुकराम" म्हणायचे. गावातले सगळेच म्हणायचे. बाबा एवढे गोंधळले की उभे राहिले.

"गुरुजी, मले तुमी नोका म्हणू. मले कसंतरीच वाटते. अन् माफी कायची? पिच्चर हाय. मजाक हाय. मी सोता हासलो नं!"

"हासले तुमी. मी पायलं."

"मंग?"

"पण तुमचा हात थांबला होता. तो राक्षस आला तवा गाठ अर्धीच होती. जाळ्यात सुई तशीच होती. मंग तुमी उठले."

बाबांनी कोपऱ्यातल्या जाळ्याकडे पाहिलं, जसं काही त्याने चुगली केली. मग खाली बसले. मी बाबांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात मोकळे, मांडीवर उताणे.

"मी पिच्चर पास केला," गुरुजी म्हणाले. "मी म्हणत होतो, लेकराचा हात कधी खोटं बोलत नाही. नाहीच बोलत. पण लेकरू कोणतं बसवलं मी? माह्या नातीले बसवलं. तिले कायले लाज वाटन? इतके वर्ष झाले, सुकरामभाऊ, तुमच्या मोहल्ल्यातलं एक लेकरू मी त्या पलंगावर नाही बसवलं. कोणी नोको म्हणलं नव्हतं मले. माह्या ध्यानातच नाही आलं. मीच साऱ्यायच्या तोंडाकडे पाहणारा, अन् माह्याच ध्यानात नाही आलं."

माय चुलीजवळून बोलली. तिला कोणाचं वाकडं-सरळ सांभाळून बोलता येत नाही. "ते ठीक हाय गुरुजी. पण पोट्टीचं काय करता? ते शाळेत जात नाही म्हंते."

गुरुजींनी माझ्याकडे वळायला मान उचलली आणि मधेच थांबवली. चटईकडेच पाहत राहिले. "रोशनी," ते म्हणाले, "उद्या सकाळी मी पाळीपाशी उभा राहीन. तू येजो. मी पुढं चालीन, तू माह्या मागं चालजो. मी मागं वळून नाही पाहणार. तुले रडायचं असन तं रड, तोंड लपवायचं असन तं लपव. मले काही दिसणार नाही."

मी जाणार नव्हते. सकाळी मायने वेणी घातली, बाबांनी दप्तर उचलून हातात दिलं, आणि मी गेले. गुरुजी पाळीवर उभे होते, गावाकडे तोंड करून. माझी चाहूल लागली तसे चालायला लागले.

पाळीवरून खाली, बोरिंगपाशी, चौकातून, ग्रामपंचायतीच्या भिंतीसमोरून. चादरीचे खिळे अजून भिंतीतच होते. ओट्यावरची माणसं पाहत होती. आयुष्यभर पोरांपुढे उलटा चालणारा माणूस आज सरळ चालला होता, आणि मागे ढिवराची पोरगी. राजूभाऊ पानठेल्यावर उभा होता. "काय गुरुजी, आज सरळ?" गुरुजी म्हणाले, "हो गा. आजपासून सरळ." मी त्यांच्या पाठीआड चालत होते. पाठ वाळकी होती, तरी पुरली.

असं ते दिवाळीपर्यंत करत राहिले. वर्गात आता फळ्यावर लिहिताना ते फळ्याकडे तोंड करायचे. ओळी सरळ यायला लागल्या. मला त्या आवडल्या नाहीत. पोरं मागे चिठ्ठ्या फेकायची, नाकं दाबायचीही, पण त्यातली गंमत गेली होती. पकडणारंच कोणी नव्हतं. हळूहळू ते थांबलं. अचानक सगळे चांगले झाले असं काही नाही, कंटाळले. स्नेहल परत बाकावर आली, ती तिच्या पुढच्या बाकावरचीशी भांडण झालं म्हणून.

पुढच्या गणपतीत गुरुजींनी मला निरोप पाठवला. मी त्यांच्या पुढच्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला. पलंगावर बसवलं, मांडीवर मुरमुऱ्याचं ताट दिलं. मधलं स्टूल बाजूला काढून गुरुजी माझ्या शेजारीच पलंगावर बसले, लॅपटॉपकडे तोंड करून. आत कोणीतरी भांडं जोरात आपटलं. गुरुजींनी लक्ष दिलं नाही.

पिक्चर साधा होता. हत्ती, ससे, एक भोळा ऋषी. कोणाचा अपमान नाही, कोणाचं नाक बसकं नाही. मी सगळे मुरमुरे खाल्ले. संपल्यावर गुरुजींनी समोरच पाहत विचारलं, "काय वो रोशनी? चालते?"

"नाही," मी म्हणाले. "नापास."

राजूभाऊ उडालाच. "काहून? काय हाय याच्यात? ससे हाय!"

गुरुजींना कळत होतं. रिकामं ताट त्यांच्या शेजारीच होतं. "नापास म्हणते ते," ते म्हणाले. "नापास. राजू, घेऊन जा."

त्या वर्षी मंडळाने पिक्चरऐवजी भजन ठेवलं आणि सारा गाव मला शिव्या देत होता. मला त्याचा पश्चात्ताप नाही. गावात एकदा तरी आमच्या मोहल्ल्यातल्या कोणाच्या म्हणण्यावर काहीतरी बंद पडलं, मला तेवढंच हवं होतं. त्यानंतर मी दरवर्षी इमानदारीने पास-नापास केलं, दहावीपर्यंत. मग मी भंडाऱ्याला कॉलेजला गेले आणि गावात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. आता कोणतं लेकरू काय पाहतं, ते कोणी कोणाला विचारत नाही.

तर लाखनीच्या त्या पेनड्राइव्हचं. दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या पाच-सहा पोरांना ग्रंथालयाच्या खोलीत बसवलं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याची मुलगी, डॉक्टरांचा मुलगा, होस्टेलमधली दोघं, असे निवडून. मधे मुरमुरे ठेवले. सिनेमात रक्त नव्हतं, कपडे ठीक होते. एका जाड राक्षसिणीला सगळे देव खो खो हसतात, तिथे एका पोरीचा हात तोंडापाशी आला आणि राहिला. मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं, मी हा पास करत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी? पोरं विसरून जातात." मी म्हणाले, "नाही विसरत, मॅडम." शनिवारी त्यांनी तो लावलाच. मी त्या पोरीच्या शेजारी जाऊन बसले. एवढंच माझ्या हातात होतं.

गुरुजी असते तर त्यांना सांगितलं असतं. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. शेवटची भेट माझ्या नोकरीच्या सुरुवातीची. लाखनीत खोली घेतली, त्यानंतर पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पलंगावर बसले होते, चष्मा नव्हता, त्यामुळे तोंड उघडं पडल्यासारखं वाटत होतं. मी नमस्कार केला तसं आवाजावरून ओळखलं. सुनेला हाक मारली, "रोशनी मॅडम आल्या, मुरमुरे आण वो." स्वतःच मॅडम म्हणून स्वतःच हसले.

ताट माझ्या मांडीवर आलं. मी खात होते, ते विचारत होते. बाबा कसे आहेत, अजून तलावावर जातात का, माय तशीच फटकळ आहे का, माझी खोली कशी आहे, पाणी येतं का. मी सांगत होते. खोली चांगली आहे, घरमालकीण चांगली आहे. मुरमुरे ताजे होते, कुरकुर वाजत होते.

मग त्यांनी विचारलं, "आता कोणी नाक दाबत नाही नं वो?"

खोली घेताना घरमालकिणीने दारातच विचारलं होतं, मच्छी शिजवता का? माझ्या पिशवीत मायने दिलेले वाळवलेले झिंगे होते, तिहेरी कागदात गुंडाळलेले. मी म्हणाले होते, नाही, आम्ही खात नाही. बी.ए., बी.एड. झालेली मी. खोली ठरवून परत येताना ते झिंगे बसस्टँडमागच्या कचऱ्यात टाकले.

"नाही गुरुजी," मी म्हणाले. "आता कोण दाबणार?"

कुरकुर थांबली होती, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. माझा हात तोंडापाशी होता.

गुरुजी मान थोडी तिरकी करून ऐकत होते. मग पलंगाच्या कडेला हात लावत, चाचपत, त्यांनी हळूहळू स्वतःला वळवलं. आधी गुडघे, मग खांदे, मग तोंड. पूर्ण भिंतीकडे. सदरा पाठीवर सैल झाला होता, पण मणक्याचे मणी तसेच.

"खा," ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "मी पाहून नाही राहिलो."